मपलं नाव

सन १९५०-५१. तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, हैदराबाद राज्य

तुमच्या काखेत वही आहे, हातात दौत-टाक. गाव गोदाकाठचं. समर्थ रामदासांचं जांब इथून काही कोसांवर. तुम्ही गावातले नवे मास्तर, आणि पटवाऱ्यानं तुम्हाला सोबत घेतलंय, कारण कालपरवापर्यंत सरकारी दप्तर उर्दूत होतं आणि आता गावाची नावं लिहायची आहेत.

पहिल्याच घरापुढं तुम्ही वही उघडता, तसा ओसरीवरचा म्हातारा उठून आत जातो. पाणी आणायला गेला असेल असं तुम्हाला वाटतं. तो कणगीवर पोतं झाकायला गेलेला असतो. वही घेऊन येणारा माणूस या गावाला ठाऊक आहे तो लेव्हीचा. किती ज्वारी पिकली, किती सरकारात घालायची, एवढंच त्या वहीत असायचं. निजामाच्या रझाकारांचे दिवस सरून दोन-तीन वर्षंच झाली आहेत. नाव लिहून नेलं की घरातलं काहीतरी जातं, हा या गावाचा अनुभव.

"आजा, काही न्यायला आलो नाही. मतासाठी नावं लिहितोय."

"मत म्हंजी?"

"सरकारात कोण बसावं ते तुम्ही सांगायचं."

म्हातारा तुमच्याकडं बराच वेळ बघतो. "आन् सरकार ऐकंल?"

तुम्ही "ऐकंल" म्हणता. आवाजात जितकी खात्री आणता येते तितकी आणता. निजामाच्या राज्यात या ओसरीला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. शेजारच्या इंग्रजी मुलखात मत होतं, पण तेही जमीन, कर, शिक्षण असलेल्या थोड्यांना. संविधानानं ती सगळी कुंपणं काढून टाकली. वयाची एकवीस वर्षं पुरी झाली की झालं. पाटलाचं एक मत, पाटलाच्या सालगड्याचंही एक, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत जो राहतो त्याचंही तेवढंच, तितक्याच वजनाचं.

पण एकवीस वर्षं मोजायची कशी? जन्मतारीख गावात कुणालाच माहीत नाही. "मानमोडीच्या साली मी पाळण्यात होतो," एक जण सांगतो. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ. तुम्ही मनाशी हिशेब करता आणि ३२ लिहिता. दुसऱ्याचं वय दुष्काळावरून निघतं, तिसऱ्याचं थोरल्या भावाच्या लग्नावरून.

मग तुम्ही दाराच्या चौकटीकडं वळता. तिथं एक बाई उभी आहे, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"नाव काय, बाई?"

ती गप्प. मग आतून सासूचा आवाज येतो, "लिव्हा की, धाकल्याची बायको."

तुमचा टाक थांबतो. हे चालणार नाही. बाईचं नाव बाईचंच पाहिजे, अमक्याची आई, तमक्याची बायको लिहून भागणार नाही, असा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा दंडक आहे. या एका दंडकापायी देशातल्या जवळपास आठ कोटी मतदार बायकांपैकी सुमारे २८ लाखांची नावं यादीबाहेर राहतील, कारण त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी खरं नाव सांगितलंच नाही. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. पण ती चौकट आणि तो संकोच इथं तुमच्या समोरही उभा आहे.

"तुमचं स्वतःचं नाव सांगा."

"मपलं नाव?" ती पहिल्यांदा तुमच्याकडं बघते. "मपल्या नावानं कुणी हाक मारून लई वर्सं झाली. माहेरचं सांगू का सासरचं?"

"ज्या नावानं तुम्हाला ओळखतात ते."

ती वाकून लेकीच्या कानात काहीतरी पुटपुटते. लेक मोठ्यानं सांगते. तुम्ही लिहिता. ती उंबरा ओलांडून वहीजवळ येते. "कुठं लिवलं? दाव बरं." तुम्ही शाईच्या ओल्या ओळीखाली बोट धरता. तिला वाचता येत नाही. तरी शाई वाळेपर्यंत ती तिथंच उभी राहते.

सन १९५२, हिवाळा

आता ती बाई तुम्हीच आहात.

बैलगाडी भल्या पहाटे निघाली. मतदान शेजारच्या गावच्या शाळेत आहे. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. देशभरात मतदानाच्या १,९६,०८४ खोल्या उघडल्या आहेत आणि त्यातल्या २७,५२७ फक्त बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत, हे तुमच्या कानावर आलेलं नाही. तुम्हाला दिसतात ते पुढच्या बाईच्या खांद्यावर झोपलेलं पोर, पोलिसाची काठी आणि टेबलामागचा चष्मा.

"नाव?"

तुम्ही सांगता. आवाज जरा कापतो, पण तुम्ही स्वतःच सांगता.

"नवऱ्याचं नाव?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घ्यायचं झालं तर उखाण्यातच, आणि इथं काही मंगळागौर नाही. मागची रांग चुळबुळायला लागते. तुमच्या मागची जाऊ पुढं झुकते. "साहेब, पंढरपुरात इटेवर कोण उभा हाय? त्येच नाव."

टेबलामागचा माणूस हसत नाही. यादीत बोट खाली नेतो, विठ्ठलापाशी थांबवतो, खूण करतो. तुमच्या बोटाला शाई लागते, गार आणि ओलसर. हातात दोन कागद येतात, एक लोकसभेचा, एक विधानसभेचा. आकार एक रुपयाच्या नोटेएवढा. छापलेतही नोटांच्याच छापखान्यात, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. तुम्हाला मात्र अजून निजामाचा हाली रुपयाच ओळखीचा.

पडद्याआड पोलादी पेट्या ओळीनं मांडल्या आहेत, उमेदवार तितक्या पेट्या. कागदावर काही लिहायचं नाही, खूण करायची नाही. ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत तो टाकायचा. नाव वाचता न येणाऱ्यांसाठी पेटीवर चिन्ह चिकटवलंय. बैलजोडी तुम्ही लगेच ओळखता. आत्ताच तर तशीच जोडी बाहेर सोडून आलात. बाकीच्या पेट्यांवर बाकीची चिन्हं. काँग्रेसनं बैलजोडी घेतली ती कुणाच्या डोळ्यांसाठी, हे शाळेबाहेर सुटलेल्या गाड्या पाहिल्या की कळतं.

तुम्ही तिथं उभ्या राहता. लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला विचारलं नव्हतं. शेत गहाण पडलं तेव्हाही नाही. लेकीला शाळेत घालायचं की नाही, तेही ओटीवर ठरलं आणि तुम्हाला चुलीपाशी कळलं. या पडद्यामागं मात्र दुसरं कुणीच नाही. तुम्ही आहात, आणि तुमच्या हातात कागद आहे.

पेटीच्या फटीतून कागद आत सरकतो. आवाजसुद्धा होत नाही.

परतीच्या वाटेवर नवरा विचारतो, "कुणाला टाकलं?"

"सांगू नये म्हणला साहेब," तुम्ही म्हणता, आणि गाडीची दांडी धरून समोर बघत राहता.

लोकसभेसाठी तेव्हा अंबड याच नावाचा मतदारसंघ होता. तिथून काँग्रेसचे हनुमंतराव गणेशराव वैष्णव दिल्लीला गेले. तुमचा कागद त्यांच्या पेटीत होता की दुसऱ्याच्या, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

तेच गाव, पुढची वर्षं

आता गावाच्या वेशीजवळ नुसते उभे राहा. वर्षं तुमच्या अंगावरून जाऊ द्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. तुम्ही एका रात्रीत द्विभाषिक मुंबई राज्याचे मतदार झालात. १९५७ मध्ये लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव जालना झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आला. १ मे १९८१ ला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंबडमधून पुढं घनसावंगी तालुका निघाला. २००९ पासून घनसावंगी आणि परतूर हे विधानसभेचे मतदारसंघ लोकसभेसाठी परभणीला जोडलेले आहेत, तर जालना, बदनापूर आणि भोकरदन हे जालन्याला. म्हणून २०२४ मध्ये एकाच जिल्ह्याच्या बोटांना दोन वेगवेगळ्या दिवशी शाई लागली, इकडं २६ एप्रिलला आणि तिकडं १३ मेला. नदी तिथंच, गाव तिथंच. यादीच्या मथळ्यावरचा पत्ता तेवढा बदलत राहिला, आणि दर खेपेला त्याखाली नावं पुन्हा नव्यानं लिहिली गेली.

मत द्यायची रीतही बदलली. पेट्यांच्या पद्धतीत एक भोक होतं. पडद्याआड गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर येऊ शकायचा, आणि तो कागद मग बाहेर विकला जाऊ शकायचा. म्हणून १९६२ च्या निवडणुकीत बहुतेक देशभर एकच पेटी आली आणि सगळी नावं-चिन्हं असलेली एकच मतपत्रिका. तुमच्या हातात रबरी शिक्का आला. त्या शिक्क्याची फुली साधी नव्हती. तिची टोकं बाणासारखी एका बाजूला वळलेली. घडी घालताना ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटली, तर तो ठसा उलटा दिसायचा आणि मोजणाऱ्याला खरी फुली कुठली ते कळायचं. एका म्हातारीच्या थरथरत्या हातानं घातलेली वाकडी घडीसुद्धा तिचं मत बाद करू शकू नये, एवढा विचार कुणीतरी त्या एवढ्याशा रबराच्या तुकड्यात केला होता. त्याच वर्षापासून बोटावरची शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून यायला लागली. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट उन्हात काळं पडतं, आणि नखाच्या मुळाशी बसलेला डाग नख वाढेल तसाच पुढं सरकतो.

२८ मार्च १९८९. एकसष्टावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एकवीसचं वय अठरावर आलं. तुम्ही जालन्याला कॉलेजात शिकता, खोली करून राहता. नोव्हेंबरात लोकसभेचं मतदान. गावी गेल्यावर वडील आणि तुम्ही एकाच रांगेत उभे राहता, आणि घरात ज्यांच्यासमोर तुम्ही कधी मान वर करून बोलला नाहीत, त्यांच्या मताइतकंच तुमचं मत भरतं.

१९९३ पासून मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटो असलेल्या ओळखपत्राचा आग्रह धरला. शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून कॅमेरा मांडला जातो. १९५२ ची ती बाई आता आजी झाली आहे. "आजी, पदर जरा मागं घ्या, कान दिसू द्या." तिचा आयुष्यातला हा पहिला एकटीचा फोटो. वहीतल्या नावाला चाळीस वर्षांनी तोंड मिळतं.

१९ ऑक्टोबर २०१४, जालना शहर

टीव्हीवर मतमोजणी चालू आहे. तुम्ही एमआयडीसीतल्या एका स्टील रोलिंग मिलमध्ये कामाला आहात. चार दिवसांपूर्वी, १५ तारखेला, ओळखपत्र शर्टाच्या खिशात घालून तुम्ही केंद्रावर गेला होता.

"कार्ड आहे, पण यादीत नाव नाही."

"असं कसं? हे बघा ना कार्ड."

"कार्डावर मत नसतं दादा, यादीवर असतं."

दोन वर्षांपूर्वी तुम्ही घर बदललं होतं. जुन्या भागात घरोघरची पडताळणी झाली, तुम्ही तिथं सापडला नाहीत, नाव निघालं. नव्या भागात नाव घालायला अर्ज करायचा होता. 'करू नंतर' म्हणून राहून गेला. तुम्ही परत आलात, वाटेत चहा घेतला आणि स्वतःची समजूत घातली की आपल्या एका मतानं काय होतंय.

टीव्हीवर आता जालना विधानसभेचा निकाल लागतो. शिवसेनेचे अर्जुन खोतकर विजयी, काँग्रेसचे कैलास गोरंट्याल पराभूत. फरक २९६ मतांचा.

दोनशे शहाण्णव. तुमच्या पाळीत मिलच्या फाटकातून जेवढी माणसं आत जातात, त्याच्या आसपासचा आकडा. दोघांपैकी कुणाला मत दिलं असतं, हा प्रश्न नाही. तुम्ही त्या हिशेबातच नव्हता, ही गोष्ट टोचते. ही निवडणूक पुढं कोर्टात गेली. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की वेळेनंतर, यावर वाद. निवडणूक कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून घ्यायचं कसं, हा प्रश्न त्यातून निघाला, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर दिलेला निकाल आज देशभरातले वकील वाचतात. जालन्याच्या २९६ मतांनी कायद्याच्या पुस्तकात जागा मिळवली. त्या पुस्तकात नसलेलं एक मत तुमचं.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभा मतदारसंघ घनसावंगी

पुन्हा तेच गोदाकाठचं गाव, आणि पुन्हा तुमच्यापुढं यादी. या खेपेला तुम्ही जिल्हा परिषद शाळेतल्या केंद्रावरचे पहिले मतदान अधिकारी आहात.

काल संध्याकाळी लाल एसटीतून पेट्या-पिशव्या घेऊन उतरलात. रात्र वर्गातल्या फरशीवर सतरंजी टाकून काढली. पहाटे साडेपाचला पोलिंग एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे रंगीत तालीम झाली. मतदान यंत्रात निदान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून दाखवली. मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद केल्या. सातला दार उघडलं.

तुमचं काम एकच. माणूस समोर आला की ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं, आणि अनुक्रमांकासकट ते नाव मोठ्यानं वाचायचं, खोलीतल्या प्रत्येक एजंटाला ऐकू जाईल असं. हरकत नसली की नावाखाली रेघ. बाईचं असेल तर आणखी एक खूण. मग शेजारच्या टेबलावर शाई, सही किंवा अंगठा. त्याच्या पलीकडं बटण मोकळं करणारा. पुठ्ठ्याच्या आडोशामागं लाल दिवा, काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी आणि शेवटी लांब 'पीं'.

दुपारी गर्दी ओसरते. तुम्ही यादीची पानं चाळता आणि एक गोष्ट नजरेत भरते. काही घरांखाली एकही रेघ नाही. नवरा, बायको, थोरला लेक, सून. सलग चार, सलग सहा नावं, कोरी. तुम्ही एजंटाकडं बघता.

"कोयत्यावर गेले सर."

ऊसतोडीचा हंगाम आणि मतदान एकाच महिन्यात आलंय. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात, बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं गेली आहेत. टपाली मतपत्रिका सैनिकाला मिळते, निवडणुकीच्या कामावरच्या तुम्हालाही मिळते. घरी येऊन मत घ्यायची सोय पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांना आहे. उसाच्या फडात कोपी करून राहणाऱ्याला यातलं काहीच नाही. त्याला मत द्यायचं तर गाडीभाडं भरून, मजुरीचे दिवस बुडवून इथं यावं लागतं. सतत बाहेर असणाऱ्यांची नावं गैरहजर, स्थलांतरित, मयत अशा वेगळ्या यादीत जायचा धोकाही असतोच. त्या यादीत नाव असलं तरी ओळख पटवून मत देता येतं, पण हे त्या माणसाला सांगणार कोण?

तुम्हाला वाटतं, १९५० मध्ये चौकटीत अर्धी बाहेर उभी असलेली बाई अजून तिथंच आहे. फक्त चौकट आता चारशे किलोमीटर लांब गेली आहे.

सहाला दहा मिनिटं कमी असताना शाळेच्या फाटकाशी एक पिकअप थांबते. मागून माणसं उतरतात. उसाच्या पाचटानं कापलेले हात, धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, कडेवर पोरं. "हाय का टाईम?" कुणीतरी ओरडतं.

आहे. सहापर्यंत जो रांगेत आला, त्याचं मत घ्यावंच लागतं, मग रात्र होवो. केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या घेऊन बाहेर जातात आणि नियमाप्रमाणं रांगेच्या शेपटापासून वाटायला लागतात. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात शेवटच्या माणसाला. यादीत, शाळेत, रेशनच्या दुकानात ज्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो, त्यांच्या हातात आज पहिला आकडा पडतो.

पिवळ्या दिव्याखाली रांग पुढं सरकते. तुमच्यापुढं एक मुलगी येते. याच वर्षी अठरा पूर्ण झालेली. नमुना ६ भरून तिचं नाव घातलंय ते गावच्या अंगणवाडीताईनं, जी इथली बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या पहिल्या तारखेला वय मोजतात, म्हणून ती या वर्षीच बसली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिला नमुना ८ भरून नाव हलवावं लागेल. ते तिनं विसरू नये. अडलं तर १९५० या नंबरावर फोन लावता येतो. ज्या साली या गावाची नावं मतासाठी पहिल्यांदा लिहिली जायला लागली, तोच हा आकडा.

तुम्ही यादीत बोट खाली नेता. सापडतं. मान वर करून अनुक्रमांक वाचता आणि मग तिचं नाव, पूर्ण नाव, शाळेच्या कौलांपर्यंत जाईल अशा आवाजात. दिवसभर सातशे वेळा हेच केलंय, घसा बसलाय, तरी हे नाव तुम्ही नीट, प्रत्येक अक्षर सुटं करून वाचता.

एजंट माना हलवतात. कुणाची हरकत नाही.

नियमाप्रमाणं तिनं काही बोलायची गरज नाही. पण ती एक पाऊल पुढं येते, वाकून तुमच्या बोटाखालची ओळ स्वतः वाचते आणि म्हणते, "व्हय. मपलंच नाव."

तुम्ही रेघ ओढता.